केहिमकर : किहीम सोडल्यावर मिळालेले आडनाव

अलिबागच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर किहीम आहे. मुंबईकरांना ते समुद्रकिनाऱ्यामुळे माहीत आणि पक्षी पाहणाऱ्यांना सलीम अलींमुळे, कारण सुगरण पक्ष्याच्या विणीचा त्यांचा गाजलेला अभ्यास याच गावातला. किहीमवरून पडलेले एक आडनाव मात्र फार थोड्यांच्या कानावर येते. ते म्हणजे केहिमकर. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, आडनाव आहे. ते कसे तयार झाले, ते इतक्या कमी लोकांकडे का आहे आणि ते मोजायला बसले की माणूस कुठे अडतो, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे. केहिमकरांचे कोडे सुटले की पेझारकर, पुगावकर, वाकरूळकर, मापगावकर, झिराडकर, आष्टमकर अशा डझनावारी आडनावांचेही बऱ्याच अंशी सुटते.

सुरुवात अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापासून करावी लागते. बेने इस्रायलींची परंपरा अशी की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक जहाज कोकण किनाऱ्याजवळ फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावला पुरले. तिथे आज स्मारक आहे. या घटनेचा लेखी पुरावा नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र एवढे स्पष्ट झाले की या समाजात ज्यू आणि स्थानिक भारतीय, दोन्ही वंशांचा मोठा वाटा आहे, ज्यू वाटा जास्त करून पुरुषांच्या बाजूने आला आहे आणि ही सरमिसळ साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वीची असावी. यावरून जहाजाची कथा खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. आडनावाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. मुळातली माणसे थोडी होती, आणि ती आपले लेखी दप्तर घेऊन आली नव्हती.

कोकणात या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मला तरी या धंद्यातच आडनावांच्या दुर्मीळपणाचे पहिले कारण दिसते. एका लहान गावाला खोबरेल आणि तिळाचे तेल किती लागणार? एक-दोन घाण्यांवर गावाची गरज भागते. तिसरा भाऊ मोठा झाला की त्याला शेजारच्या, घाणा नसलेल्या गावी जाणे भाग. मासेमारी करणारा समाज एकाच बंदरात शे-दोनशे घरांनी राहू शकतो, तेल्याला तसे जमत नाही. म्हणून हा समाज सध्याच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव विखुरला, पण प्रत्येक गावात पातळ राहिला. गावे शंभरावर आणि गावागणिक घरे थोडी. पुढे गावावरून आडनावे पडली तेव्हा हेच प्रमाण आडनावांत उतरले. आडनावे पुष्कळ झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला माणसे थोडी आली.

आता ‘कर’ लागतो कसा ते पाहू. किहीममध्ये राहणाऱ्या माणसाला किहीममध्ये कोणी केहिमकर म्हणत नाही, तिथे सगळेच किहीमचे. गाव सोडून तो अलिबागला, पनवेलला किंवा मुंबईला गेला की लोक विचारतात, कुठला? उत्तर त्याच्या नावाला चिकटते. त्यामुळे कोकणातले कर-आडनाव हे बहुधा स्थलांतराची नोंद असते. ते सांगते की हे कुटुंब एके काळी त्या गावी होते आणि मग तिथून निघाले. कधी निघाले ते मात्र सांगत नाही. बेने इस्रायलींच्या बाबतीत हे निघणे मोठ्या प्रमाणावर घडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत आणि मुंबईच्या गोदीत व इमारतींच्या कामांवर माणसे लागू लागली तेव्हा.

त्या पिढीतला सर्वांत ठळक माणूस म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. हिब्रू वळणाने तोच शमुवेल यहेज्केल आणि इंग्रजी कागदांत सॅम्युएल इझिकेल. कंपनीच्या सैन्यात तो अधिकारी होता, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला आणि 1796 साली त्याने मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरून पडले असे सांगितले जाते आणि जवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्याच सामाजीचा. एका माणसाची तीन नावे इथे एकत्र दिसतात. प्रार्थनेच्या वेळी हिब्रू नाव, गावात ‘जी’ लावलेले मराठी नाव, पलटणीच्या पटावर इंग्रजी रूप. तिन्ही रूपे बदलत राहिली आणि न बदलता टिकला तो ‘दिवेकर’. लेखी दप्तर नसलेल्या कुटुंबाला गावाचे नाव किती उपयोगाचे पडते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

केहिमकर आडनाव अभ्यासकांना ठाऊक झाले ते हाईम सॅम्युएल केहिमकरांमुळे. 1875 साली मुंबईत बेने इस्रायली मुलांसाठी शाळा निघाली, तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. ती उभी करणाऱ्यांत ते पुढे होते. त्यांचे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या समाजाचा इतिहास, चालीरीती, नावे, सण, कामधंदे हे सगळे त्यांनी इंग्रजीत लिहून काढले. हस्तलिखित 1897 साली पूर्ण झाले आणि छापून आले 1937 साली, तेल अवीवमध्ये, लेखक हयात नसताना. चाळीस वर्षे पडून राहिलेल्या त्या कागदांवर आज या समाजाविषयीचा प्रत्येक अभ्यास कुठे ना कुठे टेकतो. अलीकडच्या वाचकांना हे आडनाव दिसते ते फुलपाखरांच्या पुस्तकावर. आयझॅक केहिमकर यांचे भारतीय फुलपाखरांवरचे पुस्तक 2008 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काढले. सलीम अली याच संस्थेचे, आणि त्यांचे किहीमही या आडनावात आहेच.

इतकी कर्तबगार माणसे असूनही आडनाव पसरले नाही. त्यात एक मोठा वाटा निव्वळ गणिताचा आहे. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी 1870च्या दशकात इंग्लंडमध्ये हा प्रश्न मांडला होता. चांगली घराणी नामशेष का होतात, असे लोक विचारत. त्यांनी दाखवले की त्यासाठी घराण्यात काही दोष असण्याची गरजच नाही. समजा, वेगवेगळ्या आडनावांचे शंभर पुरुष आहेत आणि प्रत्येकाला वंश चालवणारा सरासरी एक मुलगा होतो. सरासरी एक याचा अर्थ कोणाला तीन, कोणाला दोन, आणि पुष्कळांना एकही नाही. मुलगे असे नशिबाने विखुरलेले धरले तर पहिल्याच पिढीनंतर शंभरातली सदतीस आडनावे संपतात. दुसऱ्या पिढीला सत्तेचाळीसच्या आसपास उरतात, पाचव्या पिढीला सत्तावीस, दहाव्या पिढीला सोळा. माणसांची एकूण संख्या बदललेली नसते, फक्त नावे गळालेली असतात. लोकसंख्या वाढत असेल तर गळती कमी होते आणि एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायली वाढत होतेही. पण ज्या आडनावाची सुरुवातच दोन-तीन घरांपासून झाली, त्याला एक वाईट पिढी पुरते. मग साथ असो, लढाई असो, किंवा एका घरी सगळ्या मुलीच असोत.

‘सगळ्या मुलीच’ हे लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायला हवी. आडनाव मोजतो तेव्हा आपण फक्त बापाकडून मुलाकडे आलेली रेघ मोजतो. केहिमकरांच्या घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकींची नातवंडे-पतवंडे या मोजणीत येतच नाहीत. समाज लहान आणि लग्ने समाजातच होत आलेली, त्यामुळे आडनाव दुर्मीळ असले तरी त्याचे रक्त दुर्मीळ असेलच असे नाही. आज पेणकर किंवा रोहेकर म्हणवणाऱ्या कितीतरी जणांची एखादी पणजी किहीमकडची निघू शकते.

दुसरी गळती शहरात झाली. ज्यू रीतीत माणूस ओळखला जातो तो ‘अमक्याचा मुलगा अमका’ असा, विवाहपत्रातही तसेच लिहितात. मुंबईत इंग्रजी शाळेच्या पटावर नाव घालताना हीच रीत सोयीची पडली. बापाचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि मोझेस, सॅम्युएल, डेव्हिड, एझिकेल, बेंजामिन ही आडनावे झाली. गाव घरात राहिले, कागदावर नाही. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, नट डेव्हिड, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर फक्त ‘डेव्हिड’ आले आणि चौल हे गाव मागे पडले. 1937 साली मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. ई. मोझेस यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मी-वरळी भागात आहे, त्या पाटीवरही गाव नाही. ही पद्धत आडनावाला फार घातक. एका कुटुंबातले तीन भाऊ तीन आडनावांनी नोंदवले जाऊ शकतात आणि उलट, एकमेकांशी काही नाते नसलेली शंभर कुटुंबे ‘सॅम्युएल’ म्हणून एकाच रकान्यात जातात.

तिसरी गळती म्हणजे देशांतर. 1947च्या सुमारास बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. इस्रायल 1948 साली स्थापन झाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. 2011च्या जनगणनेत सगळ्या भारतात सगळ्या प्रकारचे ज्यू मिळून 4,650 नोंदले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. शंभराहून अधिक गावांची आडनावे, त्यांत पितृनामांची भर, आणि माणसे एवढीच. भागाकार करून पाहिला तर एखाद्या आडनावाच्या वाट्याला भारतात किती जण येत असतील याचा अंदाज कोणालाही करता येईल. 2016 साली महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा समाज असा आकसून गेलेला होता.

इस्रायलमध्ये लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा शहरांत ही मंडळी वसली आणि तिथे या आडनावांनी उलटे वळण घेतले. मुंबईत ज्याने गाव टाकले होते त्याला इस्रायलमध्ये मोझेस किंवा डेव्हिड या नावाने कोणीच वेगळा ओळखेना, तिथे ती नावे सगळ्यांचीच. वेगळेपणा उरला तो ‘कर’मध्ये. आजही तिथे आडनावाच्या शेवटी ‘कर’ दिसला की माणूस बेने इस्रायली हे लगेच कळते. या ओळखीची किंमतही त्यांनी मोजली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या आईकडच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला होता. समाजाने मोर्चे काढले, धरणे धरले आणि 1964 साली त्यांचे पूर्ण ज्यू असणे मान्य झाले. आपल्या गावाचे नाव मिरवणाऱ्या माणसाला त्याच कारणाने संशय सोसावा लागावा, हा अन्याय होता आणि त्यांनी तो निमूट मानला नाही.

लिपीचा मुद्दा थोडक्यात. हिब्रूत स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे अलिबाग तालुका न पाहिलेला वाचक ही आडनावे आपल्या अंदाजाने उच्चारतो. आपल्याकडेही गाव ‘किहीम’ आणि आडनाव ‘केहिमकर’ अशी फारकत आहेच. इंग्रजी स्पेलिंगमधून पुन्हा देवनागरीत येताना अशा फारकती होतात. यादीत शोधताना म्हणूनच एकाच रूपावर विसंबून चालत नाही.

मोजणीतली शेवटची अडचण आडनावांच्या सामायिकपणाची. दिवेकर चित्पावनही असतात, पेणकर आणि रोहेकर कोणत्याही जातीचे असू शकतात, आणि किहीमचा हिंदू माणूस मुंबईला येऊन किहीमकर होऊ शकतो. गाव सगळ्यांचे होते, तसे आडनावही. मतदारयादीतले आकडे यामुळे एकट्याने काहीच सांगत नाहीत, सोबतचे पहिले नाव आणि बापाचे नाव पाहावेच लागते. जनगणना धर्म विचारते, आडनावांचे तक्ते काढत नाही. तेव्हा ‘इतके केहिमकर आहेत’ असा आकडा कोणी ठामपणे सांगितला तर तो कशावरून काढला हे आधी विचारावे.

ज्याला असे आडनाव खरोखर मागे न्यायचे आहे त्याने कोणत्या वाटेने जावे? आधी सिनेगॉगच्या विवाहनोंदी, कारण तिथे हिब्रू नाव, बापाचे नाव आणि पुष्कळदा घरगुती आडनाव शेजारी शेजारी सापडते. मग दफनभूमी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या जुन्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही मजकूर असतो, आणि शाळेच्या पटावरून गेलेले गाव दगडावर शिल्लक असते. अलिबागला इस्रायल आळीत 1848 साली स्थापन झालेले मागेन आबोथ सिनेगॉग आहे, किहीम परिसराच्या शोधाची सुरुवात तिथून होऊ शकते. त्यानंतर पलटणींचे पट आणि शाळांची रजिस्टरे, ज्यांत हिब्रू, मराठी आणि इंग्रजी या तीनपैकी कोणते नाव लिहिले असेल याचा नेम नाही. छापील मराठीही विसरू नये. 1874 साली पुण्यात निघालेली मराठी भाषांतरासह सचित्र हगदा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, तळकर आडनावाच्या माणसांनी काढली होती. अशा पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पूर्ण नावे असतात. इस्रायलमधून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाच्या अंकांतही या आडनावांची माणसे भेटतात. आणि या सगळ्याबरोबर घरातल्या वयस्कर बायकांना त्यांच्या आईचे आणि आजीचे माहेरचे आडनाव विचारून लिहून घ्यावे, कारण पुरुषांच्या रेघेत संपलेली कित्येक गावे आता तेवढ्याच ठिकाणी नोंदलेली आहेत.