उंचवटा मोजणार कोण?

उपनगरातील वाहनचालकाचा दिवस गतिरोधकावर उजाडतो आणि गतिरोधकावरच मावळतो. घरापासून रेल्वे स्थानकापर्यंतचे अंतर अवघे दोन-अडीच किलोमीटरचे. परंतु तेवढ्यात शाळेपाशी एक, देवळापाशी एक आणि कोणाच्या आग्रहाने घातला हे कोणासच न आठवणारा आणखी एक, असे उंचवटे ओलांडावे लागतात. डोंबिवली असो, विरार असो वा हडपसर, अनुभव फारसा निराळा नाही.

गतिरोधक अनावश्यक आहेत असे कोणी म्हणणार नाही. बहुधा त्यांचा जन्म एखाद्या दुःखद घटनेतून होतो. शाळेसमोर मूल वाहनाखाली सापडते, रहिवासी संतप्त होऊन रस्त्यावर येतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर पोलिस उभा करणे शक्य नसल्याने रस्त्यालाच पोलिस बनविले जाते. मागणी रास्त असते. तिची पूर्तता मात्र रातोरात ओतलेल्या डांबराच्या ढिगाने होते. त्यावर ना पांढरे पट्टे, ना अलीकडे सूचनाफलक. अंधारात त्याचा शोध लागतो तो दुचाकीवर मागे बसलेल्या वृद्धेच्या पाठीला, किंवा रुग्णवाहिकेतील रुग्णाला.

वस्तुतः या विषयात शास्त्राची उणीव नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ सालीच याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१८ साली ती सुधारली. मूळ तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तो सुखरूप ओलांडू शकते. वेग आवरावा, वाहन वा मणका मोडू नये, हा त्यामागील विचार. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी हाताभर रुंदीचा, भिंतीसारखा उभा बांध आढळतो. तो वेग कमी करीत नाही, वाहन थांबवितो.

चालकांच्या चिडीचे खरे मूळ येथे आहे. त्याचा वेग यंत्राने मोजला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार हलक्या वाहनाच्या अतिवेगास १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि त्याचे चलान थेट भ्रमणध्वनीवर येते. सदोष रस्त्यासाठी जबाबदार असणाऱ्यांसही त्याच दुरुस्तीने एक लाखापर्यंतचा दंड ठेवला. परंतु कोणाचा मृत्यू झाल्याखेरीज वा कोणास अपंगत्व आल्याखेरीज ती तरतूद जागी होत नाही. चालकाचा वेग मोजणारी यंत्रणा आहे. उंचवट्याची उंची मोजणारे कोणी नाही.

अर्थात चालकही निर्दोष नाहीत. गटाराकडेच्या फटीतून दुचाकी काढणारे आणि दोन गतिरोधकांमधील अंतर शर्यतीसारखे कापणारे त्यांच्यातलेच. गतिरोधक हा त्यांच्या बेशिस्तीचाही पुरावा होय. परंतु बेशिस्तीवरील उपाय स्वतःच बेशिस्त असून चालत नाही.

प्रत्येक गतिरोधक कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणास्तव घातला याची नोंद पालिकांनी ठेवावी, त्याचे माप जाहीर करावे आणि मापात न बसणारे खरवडून काढावेत. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी तेथे एक पोलिस उभा राहावा. नियम दोन्ही बाजूंना लागू आहे हे दिसले, तर चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.