जोकरच्या हसण्यामागे कोण?

बॅटमॅनचा वैरी जोकर हा खलनायक आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण तो हसरा चेहरा आला कुठून? आम्ही हे विचारतो, कारण हा चेहरा मुळात खलनायकाचा नव्हताच.

१९२८ साली 'द मॅन हू लाफ्स' हा मूकपट अमेरिकेत निघाला. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६९ च्या कादंबरीवरचा. बाप राजाच्या विरोधात गेला म्हणून राजाच्या हुकमाने एका उमरावपुत्राचे तोंड चिरून कायमचे हसरे केले जाते. मोठेपणी तो जत्रेत लोकांना हसवून पोट भरतो. कादंबरीत पुढे तो उमरावांच्या सभेत गोरगरिबांची बाजू मांडायला उभा राहतो, तर सारी सभा त्याच्या तोंडाकडे बघून खिदळते! ही भूमिका जर्मन नट कॉनराड फाइटने केली. त्याची पत्नी ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्याने देश सोडला. १९४० साली जोकर कॉमिक्समध्ये अवतरला, तेव्हा त्याचे रूप ठरवताना फाइटचेच छायाचित्र समोर होते. पीडिताचा चेहरा घेतला, पीडा मात्र गाळली.

मग पडद्यावर नट येत गेले. १९६६ च्या दूरदर्शन मालिकेत सीझर रोमेरोने मिशी काढायला नकार दिला, म्हणून मिशीवरूनच पांढरा रंग फासला. गंमतीचा मामला! १९८९ मध्ये जॅक निकल्सनचा जोकर रसायनाच्या हौदात पडलेला गुंड होता. २००८ च्या 'द डार्क नाइट'मधला हीथ लेजर मात्र अंगावर काटा आणतो. चित्रपट लागण्याआधीच तो गेला. ऑस्कर मरणोत्तर मिळाले. अभिनयाबद्दल आमचा वाद नाही. पण हा जोकर तोंडावरच्या व्रणांची दर वेळी वेगळीच कथा सांगतो. म्हणजे त्याला भूतकाळच नाही. अशा शत्रूसाठी बॅटमॅन अख्ख्या शहराचे मोबाईल चोरून ऐकतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. गुन्हेगार कोणी घडवला, हे विचारायचेच नसले की पाळत ठेवणे सोपे जाते.

२०१९ मध्ये वाकिन फिनिक्सने हा प्रश्न पुन्हा उभा केला. त्यासाठी त्याने वीस किलोंहून अधिक वजन घटवले. त्याचा आर्थर फ्लेक भाड्याने विदूषक होणारा गरीब, मनोरुग्ण माणूस. सरकार निधी कापते, समुपदेशन केंद्र बंद पडते, औषधे थांबतात. इथवर चित्रपट खरा आहे. पुढे मात्र तो घाबरतो. गरिबांचा राग म्हणजे मुखवटे घातलेली, गाड्या जाळणारी झुंड. तिला ना मागणी, ना संघटना. गरिबांविषयी श्रीमंतांच्या मनात जी भीती असते, तीच ही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बैरूत आणि सान्तियागोच्या रस्त्यांवर काही निदर्शक जोकरसारखे चेहरे रंगवून उतरले. बैरूतमध्ये ठिणगी पडली ती व्हॉट्सअ‍ॅप कॉलवरील कराच्या प्रस्तावाने, सान्तियागोत मेट्रोच्या ३० पेसोंच्या भाडेवाढीने. पडद्यावरच्या झुंडीला नव्हत्या, त्या मागण्या यांच्याकडे होत्या. बैरूतमध्ये पंतप्रधानांना महिनाअखेरच राजीनामा द्यावा लागला. चिलीत तर नवी राज्यघटना हवी का, यावर २०२० मध्ये सार्वमत झाले आणि लोकांनी प्रचंड बहुमताने 'हवी' म्हटले. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये दोन्ही मसुदे त्याच लोकांनी फेटाळले, पण तेही मतपेटीतूनच.