मॅरेथॉन टिपताना : कॅमेऱ्याआधी जागा महत्त्वाची

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचा रविवार उजाडला की मरीन ड्राइव्हच्या कठड्यालगत टाळ्या वाजवणाऱ्यांबरोबरच कॅमेरे सरसावलेली मंडळीही दिसतात. २००४ मध्ये ही शर्यत सुरू झाली, तेव्हा ही हौस मोजक्यांची होती; मोबाइलमध्येच कॅमेरा आल्यापासून ती सर्वांची झाली. घरचे कुणी तरी धावत असते आणि त्याचे एक चांगले छायाचित्र मिळावे, एवढीच माफक अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र हाती येते ते बहुधा कुणाची पाठ, कुणाचा पुसट हात किंवा नुसताच रस्ता.

दोष कॅमेऱ्याचा कमी आणि अंकगणिताचा अधिक आहे. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर चार तासांत कापणारा हौशी धावपटू सेकंदाला जवळपास तीन मीटर पुढे सरकतो. इथिओपियाच्या हायले लेमीने २०२३ मध्ये मुंबईत २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांची विक्रमी वेळ नोंदवली. हा वेग सेकंदाला साडेपाच मीटर इतका पडतो. डोळ्यांना क्षण दिसल्यापासून बोट कळ दाबेपर्यंत सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात असा धावपटू मीटरभर पुढे गेलेला असतो. म्हणजे 'दिसला की टिपू' असे म्हणणाऱ्याला उशीर ठरलेलाच. अनुभवी छायाचित्रकार म्हणूनच माणसावर नव्हे, तर जागेवर नेम धरतात. रस्त्यावरची एखादी पांढरी रेघ किंवा गटाराचे झाकण हेरून त्यावर फोकस आधीच पक्का केला जातो आणि धावपटू तेथे पोहोचण्याच्या किंचित आधी कळ दाबली जाते.

शटरच्या वेगाचेही तसेच. समोरून आडवा जाणारा हा वेगवान धावपटू सेकंदाच्या साठाव्या भागात नऊ सेंटीमीटर सरकतो, हजाराव्या भागात मात्र जेमतेम अर्धा. पण धड आणि पाय यांचा वेग एक नसतो. जमिनीवर टेकलेले पाऊल क्षणभर स्थिर असते, तर पुढे झेपावणारे दुसरे पाऊल धडाच्याही कितीतरी अधिक वेगाने जाते. चेहरा स्वच्छ आणि बूट पुसट, असे छायाचित्र येते ते यामुळे. ही पुसटता हवीच असेल, तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आणून धावपटूच्या गतीने कॅमेरा फिरवावा. मागची गर्दी रेषांमध्ये विरघळते आणि चेहरा बऱ्यापैकी टिकतो. दहांत एखादेच चित्र साधते, याची तयारी मात्र हवी. नवख्याने वळणावर उभे राहून समोरून येणाऱ्यांना टिपावे. अंगावर येणाऱ्या माणसाची हालचाल चौकटीत कमी जाणवते.

आणखी एक बारकावा सहसा लक्षात येत नाही. धावताना सेकंदाला साधारण तीन पावले पडतात आणि प्रत्येक दोन पावलांमध्ये एक क्षण असा असतो, की दोन्ही पाय जमिनीवर नसतात. तो क्षण सापडला तर चित्रातला माणूस धावतो आहे असे वाटते. पाऊल नेमके शरीराखाली टेकलेले असताना कळ दाबली गेली, तर अव्वल धावपटूही बसथांब्याकडे निघाल्यासारखा दिसतो.

मुंबईत खरी कसोटी प्रकाशाची. पूर्ण मॅरेथॉन पहाटेच्या अंधारात सुटते. जाताना मरीन ड्राइव्हवर रस्त्यावरच्या दिव्यांवरच भागवावे लागते. परतीच्या वेळी ऊन वर आलेले असते, पण सूर्य इमारतींच्या मागे असल्याने रस्ता काही काळ सावलीतच राहतो. या मऊ प्रकाशात चेहरे उत्तम येतात. चौपाटीकडे तोंड करून उभे राहिले, तर पुढे येणारे ऊनही धावपटूंच्या चेहऱ्यावर पडते. वर्षानुवर्षे परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ धावपटूंची परीक्षा पाहत आला आहे. तेथे वेग मंदावतो, चेहऱ्यावर भाव उमटतात आणि छायाचित्रकाराला उसंत मिळते. मार्गात अधूनमधून बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा आधी पाहिलेला बरा.

छातीवरचा क्रमांक चौकटीत आलाच पाहिजे, हा व्यावसायिकांचा दंडक. छायाचित्रे क्रमांकावरून शोधली जातात, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. १९८० च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ २ तास ३१ मिनिटे ५६ सेकंदांत महिलांमध्ये पहिली आली. अंतिम रेषेवर ती फारशी दमलेली दिसत नव्हती. संशय बळावल्यावर आयोजकांनी मार्गावरची छायाचित्रे तपासली. शर्यतीच्या आधीच्या टप्प्यांतील चित्रांत ती कोठेच नव्हती. शेवटच्या टप्प्यात तिला गर्दीतून रस्त्यावर येताना पाहणारेही पुढे आले. ज्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमधून ती बोस्टनसाठी पात्र ठरली होती, त्या दिवशी ती आपल्याला भुयारी रेल्वेत भेटली होती, असे एका मुक्त छायाचित्रकार महिलेने सांगितले. सुमारे आठवडाभराने विजेतेपद कॅनडाच्या जॅकलिन गॅरो हिला देण्यात आले. तेव्हा बुटात वेळ नोंदवणाऱ्या चिप नव्हत्या. कडेला उभ्या असलेल्यांचे कॅमेरे आणि डोळे हाच पुरावा होता.

कडेला उभे राहण्याचा हा अधिकार रस्त्यावर उतरण्याचा मात्र नव्हे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये आघाडीवर असलेल्या ब्राझीलच्या वांदरलेई दे लिमाला एका प्रेक्षकाने ढकलत गर्दीत नेले आणि त्याला अखेर कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. तो प्रकार हेतुपुरस्सर होता. पण चांगल्या कोनासाठी दुभाजकावरून एक पाऊल पुढे टाकणारा हौशी छायाचित्रकारही पस्तीस किलोमीटर धावून पाय ओढत येणाऱ्या माणसाची लय मोडू शकतो. फ्लॅशचा झोत डोळ्यांवर मारणे त्याहून वाईट. कुणी कोसळले, तर आधी वैद्यकीय पथकाला हाक द्यावी, हे सांगावे लागू नये, दुर्दैवाने लागते.

साडेदहानंतर चित्र बदलते. ऊन डोक्यावर येते, विजेते केव्हाच न्हाऊन निघालेले असतात आणि बहुतेक कॅमेरे पिशवीत गेलेले असतात. रस्ता वाहतुकीला खुला होण्याच्या बेतात असतो. पाच-सहा तास चालत-धावत येणारी मंडळी, त्यांत सत्तरीचे आजोबा आणि पहिल्यांदाच उतरलेल्या गृहिणीही, याच वेळी मरीन ड्राइव्हवर पोहोचत असतात. वेग इतका कमी असतो की साध्या मोबाइलवरही चित्र स्वच्छ येते, आणि कठड्यालगत जागाही हवी तेवढी मोकळी असते.