मराठा पलटणीचा दिन आणि सिंहगडाची तिथि

दरसाल १५ जानेवारीस भारतीय सैन्याचा दिन पाळला जातो. १९४९ सालीं त्या दिवशीं जनरल सर रॉय बुचर यांजकडून करिअप्पा यांनीं सरसेनापतिपदाचीं सूत्रें स्वीकारलीं व तें पद प्रथमच एका भारतीय सेनानीकडे आलें, त्याची ही आठवण होय. पुष्कळ वर्षें दिल्लींत होणारें या दिनाचें मुख्य संचलन २०२३ पासून निरनिराळ्या शहरीं होऊं लागलें. २०२५ सालीं तें पुण्यास खडकी येथें झालें. आदला दिवस, १४ जानेवारी, हा पानिपतचा. या दोहोंचा कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं. तथापि पुण्यासारख्या शहरांत ही जोड कोणाच्याच मनांत आली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या दोन्ही तारखांविषयीं संशोधकास वाद घालण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु सैन्याशींच संबद्ध अशी तिसरी एक तारीख आहे, तिची गोष्ट वेगळी. ती म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा दिन, ४ फेब्रुवारी. सिंहगड घेतल्याची स्मृति म्हणून हा दिन त्या रेजिमेंटांत ‘मराठा दिन’ या नांवानें साजरा होतो. ही तारीख कोठून आली, ती खरी किती व कोणत्या अर्थानें खरी, एवढेंच येथें पहावयाचें आहे. प्रश्न दहा दिवसांचा आहे. पण हे दहा दिवस जुन्या कागदांच्या टिपणांत शिरले म्हणजे किती घोटाळा करितात, हें ज्यांस दप्तरें चाळण्याची संवय आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

प्रथम त्या रेजिमेंटाविषयीं थोडेंसें. हिचें मूळ १७६८ सालीं मुंबईकर इंग्रज कंपनीनें उभारलेल्या पलटणींत आहे. ‘जंगी पलटण’ व ‘काळी पांचवी’ हीं तींतील पलटणींचीं लोकांच्या तोंडीं बसलेलीं नांवें. १८४० सालीं बलुचिस्तानांतील काहूनचा किल्ला काळ्या पांचवीनें लढविला व त्याबद्दल पुढील वर्षीं तिला ‘लाइट इन्फन्ट्री’ ही पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांतील शर्कातची लढाई, दुसऱ्यांत इटलींत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांस मिळालेले व्हिक्टोरिया क्रॉस, असे गौरवाचे प्रसंग या रेजिमेंटाजवळ हवे तितके आहेत. असें असतां कंपनीच्या चाकरींत जन्मलेल्या या रेजिमेंटाचा दिन मात्र कंपनीच्या किंवा बादशाही सरकारच्या कोणत्याहि जयाचा नसून शिवछत्रपतींच्या मावळ्यांनीं, पलटणीच्या जन्मापूर्वीं सुमारें शंभर वर्षें, केलेल्या एका रात्रीच्या कामगिरीचा आहे. आमच्या मतें ही निवड फार अर्थपूर्ण आहे, आणि म्हणूनच तिची तारीख नीट तपासली पाहिजे.

कोंढाणा हा १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वयें मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकीं एक. तो तानाजी मालुसऱ्यानें परत घेतला, किल्लेदार उदेभान पडला व तानाजीहि पडला, हें सर्वविदित आहे. (गडास सिंहगड हें नांव या प्रसंगानंतर पडलें ही समजूत मात्र टिकत नाहीं, १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रांतच तें नांव आलेलें आहे.) कथेचा रंग बखरींनीं व तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यानें भरला, परंतु दिवस ठरविण्यास त्यांचा उपयोग नाहीं. सभासद घटना सांगतो तो आठवणीनें, पंचांग पुढें ठेवून नव्हे. दिवस ठरतो तो जेधे शकावलीवरून. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या या शकावलींत हा प्रसंग शके १५९१, सौम्य संवत्सर, माघ वद्य नवमी या मितीस नोंदलेला आहे. हीच मूळ साक्ष. ४ फेब्रुवारी ही तिच्यावरून गणितानें काढलेली तारीख आहे, कोणा मराठी लेखकानें लिहून ठेविलेली नव्हे.

आतां गणित कोणत्या पद्धतीचें, हा मुद्दा. माघ वद्य ९ शके १५९१ चें रूपांतर ज्यूलियन म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीनें केलें तर शुक्रवार ४ फेब्रुवारी १६७० येतो. ग्रेगोरियन म्हणजे हल्लींच्या पद्धतीनें केलें तर शुक्रवार १४ फेब्रुवारी १६७० येतो. वार एकच, दिवस एकच, नांवें दोन. सर जदुनाथ सरकार प्रभृति इतिहासकारांनीं शिवकालाच्या तारखा जुन्या पद्धतीनें दिल्या, आणि तें योग्यच होतें. कारण ज्या इंग्रजी वखारींच्या पत्रांशीं त्या ताडून पहावयाच्या होत्या, तीं पत्रें त्याच पद्धतीचीं आहेत. इंग्रजांनीं नवी पद्धति स्वीकारली ती १७५२ सालीं, त्या वर्षीं २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून. पण इतिहासाच्या पुस्तकांतून ४ फेब्रुवारी ही तारीख जेव्हां भिंतीवरील आजच्या कॅलेंडरांत गेली, तेव्हां तिच्यामागील पद्धति मागें राहिली.

यांत फरक तो काय पडतो, असें कोणी विचारील. फरक आकाशांत पहावा. आजच्या कॅलेंडराच्या हिशेबानें १६७० सालची ४ फेब्रुवारी ही नवमीच्या दहा दिवस आधीं, म्हणजे माघी पौर्णिमेच्या लगत येते. त्या रात्रीं सूर्यास्तापासून पहांटेपर्यंत गडावर चांदणें असणार. वद्य नवमीस चंद्र उगवतो तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, तोंवर काळोख. कडा चढून जाण्यास मावळ्यांनीं कोणती रात्र निवडिली असेल, हें सांगण्यास गणिती लागत नाहीं. गड हातीं येतांच पागेस आग लावून राजगडाकडे खूण केल्याचें सभासद सांगतो, तेंहि अंधाऱ्या रात्रीशींच अधिक जुळतें.

संग्राहकांच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा एकच दिवस निरनिराळ्या दप्तरांत निरनिराळ्या वेषांत भेटतो. इंग्रजी पत्रांत तो ४ फेब्रुवारी असेल, पण वर्ष १६७० असेलच असें नाहीं. त्यांचें वर्ष तेव्हां २५ मार्चला बदलत असल्यामुळें १६६९ किंवा १६६९/७० असें लिहिलेलें सांपडेल. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत तोच दिवस १४ फेब्रुवारी १६७० असावयाचा, कारण पोर्तुगीजांनीं नवी पद्धति १५८२ सालींच स्वीकारली होती. डच कंपनीच्या कागदांतहि तसेंच. मोगली अखबारांच्या हिशेबानें तो हिजरी १०८० च्या रमजानच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत पडतो. मराठी कागदांत सुहूर सन आला तर सबैन अलफ, म्हणजे १०७०. ज्यास हें ठाऊक नाहीं तो एकाच बातमीचीं इंग्रजी व पोर्तुगीज पत्रें शेजारीं ठेवून पोर्तुगिजांस ती दहा दिवस उशिरां कळली असें अनुमान करील. किंवा इंग्रजी पत्रावरील १६६९ पाहून सिंहगड एक वर्ष आधींच घेतला असें लिहील. अशीं अनुमानें हस्तलिखितांच्या वेष्टनांवर पेन्सिलीनें लिहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

उलट बाजूची चूकहि घडते. हा फरक नुकताच कळलेला उत्साही मनुष्य दिसेल त्या तारखेंत दहा मिळवीत सुटतो. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही मुळांतच नव्या पद्धतीची आहे. पौष शुद्ध अष्टमी शके १६८२ तिच्याशीं बरोबर जुळते, तेथें हात लावण्याचें कारण नाहीं. शिवाय अंतरहि सर्व काळ दहाच नसतें. १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा, तेथून १७५२ पर्यंत अकरा.

शिवचरित्रांतील इतर प्रसिद्ध तारखांचीहि हीच स्थिति आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही शिवजन्माची तारीख फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चें जुन्या पद्धतीचें रूपांतर होय; नव्या पद्धतीनें तो दिवस १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही हेन्री ऑक्झिंडेनच्या कागदांतील इंग्रजी तारीख. ग्रेगोरियन पद्धतीनें १६ जून. जन्मोत्सव तारखेनें करावा कीं तिथीनें, हा वाद महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आलेला आहे. त्या वादांत तारखेच्या बाजूचे लोक जी तारीख धरून बसतात ती आजच्या कॅलेंडराची तारीखच नव्हे, ही गोष्ट क्वचितच बोलली जाते.

मग मराठा रेजिमेंटानें आपला दिन दहा दिवस पुढें न्यावा काय? आमचें मत तसें नाहीं. जो दिन पिढ्यान्‌पिढ्या शिपायांनीं पाळला त्याला त्या पाळण्यानेंच स्वतःचा इतिहास प्राप्त झाला आहे, आणि तो इतिहासहि आमच्याच शास्त्राचा विषय आहे. ४ फेब्रुवारी ही इंग्रजी शिरस्त्याच्या लष्करांत मराठ्यांची आठवण कोणत्या वाटेनें शिरली याची खूण म्हणूनच वाचावी. ज्यास प्रत्यक्ष तिथीच हवी त्यानें पंचांगांत दासनवमी पहावी. समर्थ रामदासांचें निर्याण शके १६०३ च्या माघ वद्य नवमीचें. तानाजीची तिथि तीच. सांप्रत ती फेब्रुवारीच्या पूर्वार्धापासून मार्चच्या पहिल्या सप्ताहापर्यंत मागेंपुढें होते. त्या दिवशीं सज्जनगडावर जमणाऱ्या हजारों लोकांपैकीं सिंहगडाची तिथिहि आजचीच हें किती जणांस ठाऊक असतें, कोण जाणे.

संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच कीं, आपल्या याद्यांत शिवकालीन कागदाची मिति नोंदतांना कागदांत जशी असेल तशी ती आधीं लिहावी, मग शक व संवत्सर, आणि शेवटीं इंग्रजी तारीख देऊन तिच्यापुढें ‘जुनी’ किंवा ‘नवी’ हा एक शब्द न विसरतां घालावा. सिंहगडाची नोंद या रीतीनें अशी होईल : माघ वद्य ९, शके १५९१ सौम्य, शुक्रवार, ४ फेब्रुवारी १६७० जुनी, १४ फेब्रुवारी १६७० नवी.