हातांना आठवतं

नावड्यातल्या आमच्या वसाहतीच्या बागेत संध्याकाळी ज्येष्ठांचा कट्टा भरतो. तिथे ताई ची, म्हणजे चीनमधला तो संथ व्यायाम, याचा विषय निघाला की एक वाक्य हटकून येतं: "जिला नातवाचं नाव आठवत नाही, तिला हे हातवारे काय आठवणार?" आता मला याची चीड येते. याच समजुतीपायी चालत्याफिरत्या आईला घरचे दिवसभर खुर्चीत बसवून ठेवतात.

शेजारच्या काकूंना दुपारचं जेवण चारला आठवत नाही. पण तांदळाची उकड समोर आली की बोटं आपसूक पाण्यात बुडतात, गोळा मळला जातो, भाकरी गोल फिरत थापली जाते, कड एकसारखी. नावं आणि प्रसंग आठवणं वेगळं, हाताला वळण असणं वेगळं. अल्झायमरमध्ये पहिलं लवकर ढासळतं, दुसरं बराच काळ तग धरतं. शिवाय ताई चीमध्ये सुरुवातीला क्रम पाठ असावा लागत नाही. समोरचा करतो, आपण पाहून करायचं. पाहायचं, तोल सांभाळायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. मेंदूला काम पडतं ते इथे.

पटत नसेल तर २०२३ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला फुझोंग ली यांचा अमेरिकेतला अभ्यास पाहा. सौम्य स्मृतिदोष किंवा विसरण्याची तक्रार असलेले तीनशेहून अधिक ज्येष्ठ, २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा एकेक तास, तेही व्हिडिओ कॉलवर. एका गटाला ताई ची करता करता शब्दांची अक्षरं उलटी म्हणायला लावली. ३० गुणांच्या बौद्धिक चाचणीत हा गट नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा २.८ आणि साधी ताई ची करणाऱ्यांपेक्षा १.५ गुणांनी पुढे गेला. ही माणसं सौम्य टप्प्यातली होती. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाकडून एवढीच अपेक्षा धरू नका.

डिमेन्शिया याने बरा होतो? नाही.

म्हातारी माणसं पडतील? उलट २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये ताई चीमुळे पडण्याचं प्रमाण सुमारे १९ टक्के कमी दिसलं.

साठी बुद्धी नाठी, चालायचंच? अजिबात नाही. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि उपचारांनी सुधारतो. आधी डॉक्टरांकडे जा.

सुरुवात खुर्चीची पाठ धरून करा. तोंडी सूचना कमी, करून दाखवणं जास्त. परवा काकूंनी सुनेकडे बघत हात उचलले आणि उजव्याऐवजी डावा पाय पुढे टाकला. सुनेने टोकलं नाही, पुढची हालचाल सुरू केली. काकूंचे हात तिच्या मागोमाग वळले.