संशोधन जीवशास्त्राचे, संगणक भाड्याचा

जीवशास्त्र म्हटले की आपल्याला आठवतो तो सूक्ष्मदर्शक, प्रयोगशाळेतला बेडूक आणि जर्नलमध्ये पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या. ‘गणित नको’ म्हणून बायॉलॉजी घेतलेले मित्रमैत्रिणी आपल्या सगळ्यांनाच होते. आज त्याच विषयात पीएच.डी. करणारी मुले अर्धा दिवस संगणकासमोर असतात, आणि पुष्कळदा तिथेच अडतात. प्रयोग झालेला असतो, नमुने वाचून आलेले असतात, पण आलेली माहिती उघडायला लॅपटॉप पुरत नाही.

मी जीवशास्त्राचा माणूस नाही. बी.ई. झाल्यापासून हैदराबादेत सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. पण आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत बायोटेक, मायक्रोबायॉलॉजी किंवा फार्मसी शिकणारे कोणी ना कोणी आहे. त्यांच्यासाठी, आणि ‘हे क्लाउड क्लाउड म्हणजे काय?’ असे विचारणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठी, हा लेख.

आधी पसारा किती मोठा आहे ते पाहू. माणसाच्या जिनोममध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. ए, सी, जी आणि टी या चारच अक्षरांत लिहिलेली. ती पहिल्यांदा वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला आणि २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. आता हेच वाचन यंत्र काही दिवसांत करते. मात्र यंत्र सलग वाचत नाही, साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे वाचते, आणि त्यात चुकाही होतात. म्हणून प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जाते. ३०० कोटी गुणिले ३० म्हणजे ९,००० कोटी अक्षरे, शिवाय प्रत्येक अक्षर कितपत खात्रीचे आहे याचा एक आकडा. एका माणसाच्या या फाइली दाबून लहान केल्या तरी ५० ते १०० जीबीच्या घरात जातात. मग हा प्रत्येक तुकडा मूळ जिनोममध्ये कुठे बसतो ते शोधायचे आणि फरक कुठे आहे ते काढायचे. चांगल्या संगणकालाही एका नमुन्यासाठी साधारण एक दिवस लागतो. शंभर रुग्णांचे नमुने असतील तर शंभर दिवस. फेलोशिपची मुदत मात्र तेवढीच राहते.

इथे क्लाउड कामाला येतो. घरात लग्न निघाले म्हणून कोणी मंगल कार्यालय बांधत नाही. दोन दिवसांसाठी भाड्याने घेतो, पातेली, खुर्च्या, आचारी तिथेच मिळतात, आणि किल्ली परत दिली की भाडे थांबते. क्लाउड म्हणजे संगणकांचे मंगल कार्यालय. मोठमोठ्या कंपन्या हजारो सर्व्हर एका जागी ठेवतात आणि आपण हवे तितके, हवे तितका वेळ, इंटरनेटवरून वापरतो. ॲमेझॉनने २००६ साली अशी सेवा सुरू केली. पुढे गूगल आणि मायक्रोसॉफ्टही आले.

खरी गंमत हिशेबात आहे. एक सर्व्हर शंभर दिवस भाड्याने घ्या किंवा शंभर सर्व्हर एक दिवस घ्या, भाडे जवळपास तेवढेच. शंभर नमुने एकमेकांवर अवलंबून नसल्यामुळे ते एकाच वेळी शंभर यंत्रांवर चालवता येतात. तीन महिन्यांचे काम उद्या संध्याकाळी हातात येते आणि खर्च मात्र वाढत नाही. स्वतःचा एकच सर्व्हर विकत घेतला असता तर ही सोय झाली नसती.

माझी मावसबहीण जीवशास्त्रात संशोधन करते. तिने मला एकदा विचारले, “दादा, पण माझा डेटा नक्की असतो कुठे?” प्रश्न अगदी योग्य आहे. नावात ढग असला तरी वर आकाशात काही नसते. डेटा जमिनीवरच्या खऱ्याखुऱ्या इमारतीत असतो, आणि ती इमारत कोणत्या भागातली हवी हे आपण निवडू शकतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे २०१६ साली मुंबईत आले आणि २०२२ साली आपल्या हैदराबादेतही आले.

दुसरी गोष्ट, डेटा इकडून तिकडे नेणे सोपे नाही. सेकंदाला ५० मेगाबिट वेगाच्या इंटरनेटवर १०० जीबीची फाइल उतरवायला जवळपास साडेचार तास लागतात. ‘१००० जिनोम’ प्रकल्पाचा सुमारे २०० टेराबाइट डेटा २०१२ साली क्लाउडवर सर्वांसाठी खुला झाला. तो याच्या दुप्पट वेगाने उतरवायचा म्हटला तरी सहा महिने जातील. म्हणून आता पद्धत उलटी झाली आहे. डेटा आपल्या संगणकावर आणायचा नाही, आपले काम डेटा आहे तिथे पाठवायचे.

सुरुवात मात्र फुकटात करावी. ‘गॅलक्सी’ नावाची खुली व्यवस्था २००५ पासून चालू आहे. ब्राउझरमध्ये खाते उघडायचे, फाइल चढवायची आणि हवी ती अवजारे एकामागून एक जोडायची. प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही, आणि शिकण्यासाठी धडेही मोफत आहेत. थोडे पायथन येत असेल तर गूगलचे ‘कोलॅब’ आहे. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’ला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याचे ‘कोलॅबफोल्ड’ हे रूप कॉलेजातला विद्यार्थीही कोलॅबवर चालवू शकतो.

पैसे देऊन सर्व्हर घ्यायची वेळ आली की या गोष्टी पाळाव्यात:

पहिली, काम संपले की यंत्र बंद करा. मंगल कार्यालयाची किल्ली परत दिली नाही तर पाहुणे गेल्यावरही भाडे चढत राहते. यंत्र बंद करूनही त्याला जोडलेली डिस्क ठेवली तर तिचे भाडे वेगळे लागते.

दुसरी, पहिल्याच दिवशी खर्चाची मर्यादा ठरवून सूचना लावा. ही सूचना फक्त ई-मेल पाठवते, यंत्र आपोआप बंद होईलच असे नाही. त्यामुळे ई-मेल वाचणे आलेच.

तिसरी, रिकामी पडलेली यंत्रे कंपन्या खूप स्वस्तात देतात, कधीकधी ९० टक्क्यांपर्यंत सवलतीत. अट एवढीच की ती केव्हाही परत घेतली जातात. ॲमेझॉनकडे सूचना मिळते ती दोन मिनिटे आधी. नमुन्यामागून नमुना करायच्या कामाला हे चालते, कारण गेलाच तर एखादाच नमुना पुन्हा करावा लागतो.

चौथी, मधल्या टप्प्यातल्या फाइली पुसा आणि क्वचित लागणारा मूळ डेटा स्वस्त साठवणीत टाका. डेटा क्लाउडवर चढवायला सहसा पैसे लागत नाहीत, बाहेर काढायला लागतात, हेही अर्जातल्या खर्चात धरा.

पाचवी, कोणत्या अवजाराची कोणती आवृत्ती वापरली ते लिहून ठेवा. ‘डॉकर’ने सगळी अवजारे एका डब्यात बंद करून ठेवता येतात. दोन वर्षांनी परीक्षकाने विचारले तर तेच उत्तर पुन्हा काढून दाखवता आले पाहिजे.

प्रत्येक कामाला क्लाउडच हवा असे मात्र नाही. वर्षभर रोज सर्व्हर लागणार असेल तर संस्थेचा स्वतःचा स्वस्त पडतो. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘परम’ महासंगणक घडवले. आज आयसर पुणे इथे ‘परम ब्रह्म’ आणि आयआयटी हैदराबादला ‘परम सेवा’ आहे. कार्ड काढण्याआधी गाइडना विचारा की आपल्या संस्थेला यातले काही वापरता येते का.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कोळ्याच्या किंवा भाताच्या जिनोमला कोणाची हरकत नसते, माणसाच्या जिनोमचे तसे नाही. फाइलीवरचे नाव खोडले म्हणजे माणूस लपत नाही. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी निनावी जिनोम आणि इंटरनेटवरची वंशावळींची उघड माहिती जुळवून काही जणांची ओळख शोधून काढली होती. शिवाय माझा जिनोम एकट्या माझा नसतो. त्यातला जवळपास अर्धा भाग माझ्या सख्ख्या भावंडांशी जुळतो. रुग्णाने ज्या कामासाठी रक्त दिले, त्याच कामासाठी ते वापरले जावे. त्यामुळे रुग्णांचा डेटा क्लाउडवर ठेवण्याआधी संमतीपत्रात काय लिहिले आहे ते वाचा आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या. साठवण खासगी ठेवा, डेटा भारतातल्या केंद्रात ठेवा आणि पासवर्ड ग्रुपवर टाकू नका. आपल्याकडे फरिदाबादला ‘इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर’ आहे. ‘जिनोमइंडिया’ प्रकल्पातील १० हजार भारतीयांचा डेटा तिथे आहे आणि तो नियमानुसार अर्ज करूनच मिळतो.

पूर्वी असे संशोधन करायला मोठ्या शहरातली मोठी संस्था आणि तिचा मोठा संगणक लागे. आता बेळगावच्या किंवा ग्वाल्हेरच्या कॉलेजातली मुलगीही तेच यंत्र तासाच्या भाड्याने घेऊ शकते. यंत्र मिळते, पण संशोधनाचा प्रश्न मात्र तिने स्वतः आणायचा असतो. तुमच्या घरात असे कोणी शिकत असेल तर हा लेख त्यांना जरूर पाठवा, आणि या रविवारी दोघांनी मिळून गॅलक्सीवर पहिले खाते उघडून पाहा.