मॉड्यूल गप्प बसतं तेव्हा

लिनक्स सर्व्हरवर नेट-एसएनएमपीचा एजंट, म्हणजे विचारणाऱ्याला सर्व्हरची माहिती देणारा प्रोग्राम, चालू आहे. यूपीएसच्या बॅटरीचं तापमान सांगणारं मॉड्यूल कुणीतरी लिहून त्याला जोडलंय, पण विचारणा केली की आकडा काही येत नाही. अशा वेळी लोक सरळ सी कोड उघडून बसतात. दोष पुष्कळदा तिथे नसतोच.

सगळ्यांत चिवट समजूत एमआयबी फाइलची: ती योग्य फोल्डरमध्ये टाकली की एजंट माहिती देऊ लागतो. एमआयबी हा नुसता कोश आहे. कोणत्या आकड्याला कोणतं नाव, हे त्यात असतं आणि त्याची गरज मुख्यतः विचारणाऱ्याला. उत्तर देतो तो कोड. फाइल नसली तरी पूर्ण आकडी ओआयडी, म्हणजे मूल्याचा पत्ता, दिला की चालू मॉड्यूल उत्तर देतं. (मूल्य एकच असेल तर शेवटी .० हवा, तो हमखास विसरला जातो.)

'नो सच ऑब्जेक्ट' आलं म्हणजे मॉड्यूल लोड झालं नाही, हे अर्धंच खरं. डेबियनच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये .१.३.६.१.२.१.१ आणि .१.३.६.१.२.१.२५.१ या दोनच फांद्या पाहायची मुभा असते. तुमचं मॉड्यूल बहुधा .१.३.६.१.४.१ खाली असतं. ते ठणठणीत चालू असूनही बाहेरच्याला दिसत नाही. ही मुभा ठरवणाऱ्या व्ह्यूची एक ओळ वाढवली की काम होतं. तरीही दिसलं नाही, तर मॉड्यूल लोड करणाऱ्या डीएलमॉडच्या ओळीतलं नाव कोडमधल्या इनिट फंक्शनच्या 'इनिट_' नंतरच्या नावाशी तंतोतंत जुळतं का ते बघावं.

'टर्मिनलवर स्क्रिप्ट चालते, मग एजंटमधूनही चालणारच' या वाक्यावर माझा सर्वांत कमी विश्वास. टर्मिनलवर तुम्ही बहुधा रूट असता. डेबियनवर एजंट मात्र मोजक्या अधिकारांच्या वेगळ्या खात्यावर चालतो. सेन्सरची फाइल त्याला उघडताही येत नसेल. स्क्रिप्ट सतत चालू ठेवून एजंटला जोडायच्या पास-पर्सिस्ट पद्धतीत आणखी एक खोच आहे. एजंट 'पिंग' पाठवतो, स्क्रिप्टने 'पाँग' म्हणायचं. पाइपमध्ये लिहिताना पायथॉन मजकूर बफरमध्ये साठवून ठेवतं. फ्लश केलं नाही तर ते 'पाँग' एजंटपर्यंत पोचतच नाही. टर्मिनलवर ओळ संपताच बफर रिकामा होतो, म्हणून हातानं चाचणी करताना हा दोष कधी सापडत नाही.

टाइमआउट आला की नेटवर्कवर खापर फुटतं. पण एसएनएमपीच्या आवृत्ती १ आणि २सीमध्ये कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) चुकली तर एजंट नकारसुद्धा देत नाही, गप्प राहतो. शिवाय तो एका वेळी एकच काम हाताळतो. विचारणा करणारी एसएनएमपीगेट ही आज्ञा मुळात १ सेकंद थांबते आणि ५ वेळा पुन्हा विचारते. मॉड्यूल सेन्सरपाशी १० सेकंद अडून बसलं, तर तेवढ्या वेळात सर्व्हरचं नाव विचारलं तरी मिळत नाही. मूल्य आधीच वाचून साठवावं, नाहीतर मॉड्यूल एजंटएक्स या जोडणीमार्फत वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवावं.

'ओआयडी नॉट इन्क्रीजिंग' हा, फांदीतली मूल्यं एकामागून एक मागणाऱ्या एसएनएमपीवॉकचा दोष समजणारेही भेटतात. मॉड्यूलने 'पुढचं' म्हणून मागचंच मूल्य दिलेलं असतं. अक्षरांप्रमाणे क्रम लावला की १० हा २च्या आधी येतो. ओआयडीत तो ९ नंतर हवा. ही तपासणी -सीसी पर्यायाने बंद करता येते, पण मग त्याच ओळी पुन्हा पुन्हा येत राहून वॉक संपतच नाही, असंही होतं.